बगळ्याची मान

डिम्फना कूफूट्सच्या हाती कुठलीही वस्तू द्या, ती आधी तिला टिचकी मारणार. नवं टेबल असो, शिडी असो, सायकलचा मडगार्ड असो, नाहीतर भावजयीने हौसेने आणलेलं काचेचं कपाट. टिचकी मारायची, मान तिरकी करायची आणि ती वस्तू किती वेळ थरथरते ते बघत राहायचं. एकदा पुतणीच्या लग्नात तिने तीन मजली केकच्या स्टँडला टिचकी मारली होती, तेव्हापासून लग्नकार्यात तिला केकपासून लांब बसवतात.

"डिम्फे, आमच्या ह्यांनाही मार की एक टिचकी," बेत्सी तिला म्हणायची. "बघ काही हलतंय का."

बेत्सी म्हणजे आमच्या लारहुकच्या फुलबायांची मुकादम. लारहुक म्हणजे राइसफोर्ट गावाची एक वाडी. गावाला अशा दहा-बारा वाड्या आहेत, आणि सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी प्रत्येक वाडी घराएवढा उंच रथ डेलियाच्या फुलांनी मढवून गावातून ढकलत नेते. त्याला कोर्सो म्हणतात. वर्षाचे उरलेले दिवस आम्ही एकमेकांना नमस्कार करतो, सायकली उसन्या देतो, मयताला जातो. कोर्सोच्या आधीचे तीन महिने मात्र शेजारची वाडी ही शेजारची राहत नाही.

डिम्फना इथलीच, डेलिया लावणाऱ्याची पोरगी. पण अठराव्या वर्षी ती शिकायला आइंदहोवन शहरात गेली ती तिथलीच झाली. तिथे एका कारखान्यात तिने आयुष्य काढलं. चिमटीतही न येणारे सुटे भाग उचलून पट्टीवर बसवणारी यंत्रं तिथे तयार होत. यंत्राचा हात सांगितलं तिथं जायला हवा आणि गेल्यावर गप्प उभा राहायला हवा, हे बघणं तिचं काम. जाणं सोपं असतं, गप्प उभं राहणं कठीण, असं ती म्हणे आणि म्हणताना धाकट्या भावाकडे, रिनुसकडे बघे. रिनुस हा लारहुकचा रथ जिथे बांधतात त्या तंबूचा कारभारी, आणि गप्प उभं राहणं त्याला जन्मात जमलेलं नाही.

तिचं काम समजावून सांगायला ती आईच्या घरातल्या न्हाणीचं उदाहरण द्यायची. बॉयलर खाली, न्हाणी वर. नळ फिरवला की गरम पाणी यायला वेळ लागे. लहानपणी रिनुस अंगावर गार पाणी आलं की गरमचा नळ फिरवी. काही होत नाही म्हणून आणखी फिरवी. मग एकदम चटका बसला की किंचाळून उलटा फिरवी. मग पुन्हा बर्फ. अर्धा तास त्याचं हेच चाले. नळात खोट नव्हती, पाण्यातही नव्हती. उपाय उशिरा पोचतो आणि करणारा उतावळा, अशी गाठ पडली की औषधच रोग होऊन बसतं. यंत्राचंही तसंच. म्हणून डिम्फना आधी यंत्राला सावकाश हलवी, मग जरा भरभर, मग आणखी भरभर. आणि प्रत्येक तालाला ते किती हलतं आणि किती मागे पडून हलतं याचा आलेख काढी. त्या आलेखावरून तिला कळे, की या गड्याला कुठल्या तालाला हुकूम सोडायचा, कुठल्या तालाला कान बंद करून बसायचं, आणि किती हातचं राखायचं. दुसरे लोक माणसाचा चेहरा वाचतात, तशी ती हे आलेख वाचायची.

यंदा वसंतात ती निवृत्त झाली आणि लारहुकला परत आली. चर्चकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक लहानसं घर घेतलं, आणि दुसऱ्याच शनिवारी तंबूत हजर.

आता तंबूतली एक गोष्ट सांगायला हवी. कॉफीच्या भांड्यामागे एक फळी आहे आणि फळीला खिळे आहेत. प्रत्येक खिळ्याला एक कप, कपावर बेत्सीच्या हातचं नाव. हा कप विकत मिळत नाही. ज्याचं स्वतःचं काही काम रथावर चढलं आणि चर्चसमोर परीक्षकांपुढून धडपणे गेलं, त्याला तो मिळतो. बाकीचे पांढऱ्या कपात पितात. पांढरे कप पाहुण्यांसाठी.

डिम्फनाला बेत्सीने पांढऱ्या कपात कॉफी दिली.

तिने ती हसत प्यायली. पण घरी जाऊन ती बराच वेळ स्वयंपाकघरात बसून राहिली. कारखान्यात तिने कधी बढतीची फिकीर केली नव्हती, खुर्ची मोठी मागितली नव्हती. पण आपल्याच वडलांच्या शेतातली फुलं जिथे लागतात त्या तंबूत आपण पाहुणी, हे तिला लागलं. तिला तो कप हवा होता. साठीला आलेल्या बाईने कपासाठी झुरावं यात हसण्यासारखं वाटलं तर हसा. लारहुकात कोणी हसणार नाही.

यंदाचा रथ होता बगळा. लव्हाळ्यात एका पायावर उभा, आणि मान सहा मीटर लांब. रथ थांबला की बगळ्याने मान खाली आणायची, लोकांच्या डोक्यांवर चोच धरायची आणि तशीच धरून ठेवायची, अगदी मासा दिसल्यासारखी. मग सावकाश वर. सगळी गंमत त्या बकध्यानात होती. बगळा हलला की तो बगळा राहिला नाही, नुसता पुठ्ठा झाला.

आजवर रथावर जे काही हले ते तोनकाका हलवी. तोन व्हर्खूवन, वय चौऱ्याहत्तर, गवंडीकाम केलेला माणूस. रथाच्या पोटात बसून तो दोऱ्या ओढी. हत्तीची सोंड त्याने हलवली होती, घंटा वाजवणारा पाद्री हलवला होता. पण हिवाळ्यात त्याच्या खांद्याचं ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरने दोरीचं नावही काढू नका म्हणून सांगितलं. तोनकाका हे कोणाला सांगत नव्हता, पण कॉफीचा कप आता डाव्या हाताने उचलत होता, आणि आमच्याकडे एवढं पुरतं.

रिनुसने बैठकीत विषय काढला. "मानेला मोटर लावू. डिम्फी करील."

तंबूत गलका झाला. मोटर दुसऱ्या वाड्या लावतात, आम्ही नाही, हे आमचं ब्रीद.

"मोटर आमच्या वॉशिंग मशीनलाही आहे," तोनकाका म्हणाला. "कपडे पिळताना न्हाणीभर नाचते."

"नाचते, कारण तिला कोणी विचारत नाही, बाई गं, तू हललीस का," डिम्फना म्हणाली. "मी विचारणार. चोचीत एक सेन्सर बसवते. चोच जरा सरकली की तो मोटरला सांगेल, मोटर तेवढीच उलटी ओढेल. सारखं विचारायचं, सारखं सावरायचं."

"म्हणजे बायकोसारखं," मागून कोणीतरी म्हणालं.

"बायको उशिरा विचारते," डिम्फना म्हणाली. "तोवर तुम्ही पडलेले असता."

हशा झाला आणि मतं घेतली, तेव्हा मोटर निसटती जिंकली. तोनकाका उठला. त्याने आपल्या कपाशेजारच्या खिळ्यावर गुंडाळून ठेवलेली जुनी दोरी सगळ्यांना दाखवली.

"माझं म्हणणं एवढंच," तो म्हणाला. "चर्चसमोर मान थरथरली, तर पुढच्या वर्षी ही पुन्हा माझ्या हातात. खांदा गेला खड्ड्यात. आणि ही आइंदहोवनकरीण जन्मभर पांढऱ्या कपात पिणार. कबूल?"

"कबूल, काका," डिम्फना म्हणाली. तिचा आवाज तिला वाटला तितका ठाम आला नाही.

जुलैत मानेचा पोलादी सांगाडा उभा राहिला. एका रविवारी दुपारी डिम्फनाने मोटर लावली, संगणक उघडला आणि बगळ्याला डोलवायला घेतलं. आधी सावकाश, मग भरभर. अर्धी वाडी बिअरच्या बाटल्या घेऊन बघायला बसली.

"बगळ्याला उचकी लागली," बेत्सी म्हणाली. "पाणी पाजा."

पडद्यावर रेघ उमटत गेली. बराच वेळ सपाट, मग एका ठिकाणी टेकडीसारखी उंच, मग उतार. ती टेकडी म्हणजे मानेचा स्वतःचा ताल. त्या तालाला मान जरा डिवचली तरी वेड्यासारखी झुलणार, आणि वर मोटरने तिथे सावरायला जावं तर तिचं सावरणं उशिरा पोचून झुलण्याला जोरच मिळणार. तेव्हा मोटरने नेमक्या त्या तालाला कान बंद करून घ्यायचे.

पण डिम्फना काल जन्मलेली नव्हती. फुलांचं वजन चढलं की टेकडी जागा बदलणार हे तिला पक्कं ठाऊक होतं. जड वस्तू सावकाश झुलते. तिने बेत्सीला विचारलं, "मानेवर किती पेट्या फुलं लागतील?"

"नेहमीएवढ्या."

"नेहमीएवढ्या म्हणजे किती?"

बेत्सीने आकडा सांगितला, पण असा, की जणू कोणी तिचं वय विचारलं. डिम्फनाने तेवढ्या वजनाच्या वाळूच्या पिशव्या मानेला बांधल्या, पुन्हा डोलवून आलेख काढला, आणि त्या बेताने सगळं बसवलं. वर थोडं हातचंही राखलं. मान खाली आली, थांबली आणि चित्रासारखी स्थिर राहिली. तोनकाकाने जवळ जाऊन चोचीखाली आपली टोपी धरली. बराच वेळ बघितलं. मग टोपी डोक्यावर घातली.

इथवर सगळं बरोबर होतं. चूक झाली ती शनिवारी, आणि ती चूक फक्त राइसफोर्टमध्येच होऊ शकते.

फुलं शेवटच्या दिवसांत लावतात, नाहीतर कोमेजतात. शनिवारी सकाळपासून बायका, म्हातारे, पोरंटोरं असे सगळे परांच्यांवर चढून एकेक फूल खिळ्याने आणि गोंदाने पुठ्ठ्यावर बसवत होते. डिम्फना तेव्हा चर्चसमोरच्या दगडी फरशीवर खड्डे मोजायला गेली होती. दुपारी बातमी आली की मोलेनद्रेफ वाडीचा हंस असा दाट भरलाय, की फुलांत बोट घालायला जागा नाही. बेत्सीचा चेहरा लाल झाला. तिने राखीव पेट्या उघडल्या. मानेवरच्या फुलांच्या फटीत फुलं, त्या फुलांच्या फटीत आणखी फुलं, आणि डोक्यामागच्या तुऱ्याला बशीएवढे मोठे पांढरे डेलिया. डिम्फनाला सांगायचं कोणाच्या मनातही आलं नाही. आमच्या गावात रथ फार जड झाला असं लोक म्हणतात, फार उंच झाला म्हणतात. फुलं जास्त झाली असं आजवर कोणी म्हटलेलं नाही. ते वाक्यच आमच्याकडे नाही.

रविवारी सकाळी तंबूत सगळे कोर्सोच्या कपड्यांत जमले होते. सॉसेज घातलेले गरम पाव फिरत होते. डिम्फनाने मोटर चालू केली आणि मान खाली आणली.

मान खाली येऊन थांबली. मग चोच जरा डावीकडे गेली. मग उजवीकडे, थोडी जास्त. मग डावीकडे, आणखी जास्त. प्रत्येक झोक्याला ती वाढतच गेली आणि बघता बघता सगळा बगळा माश्या हाकलणाऱ्या शेळीसारखा मान झटकू लागला. फुलं टपाटप खाली पडायला लागली. डिम्फनाने लाल बटणावर हात मारला.

तंबूत पाव चावण्याचे आवाज थांबले. कोर्सोला जेमतेम तीन तास होते.

पहिला हलला तोनकाका. त्याने कोट काढला, बाही वर केली आणि खिळ्यावरची दोरी उतरवली. बाही वर करताना त्याचं तोंड वाकडं झालं ते डिम्फनाने बघितलं. कपाचं सोडा, हा माणूस आता माझ्यापायी खांदा मोडून घेणार.

"काका, जरा थांबा," ती म्हणाली. "अर्धा तास द्या." मग ती वळली. "बेत्सी, मानेवर किती फुलं लावलीस?"

"लागतात तेवढी."

"बेत्सी."

"छान दिसतायत की नाही?"

"सुंदर दिसतायत. किती?"

बेत्सीने रिनुसकडे बघितलं. रिनुसने छताकडे बघितलं. शेवटी बेत्सी इतक्या हळू बोलली की पुढच्या दोघांनाच ऐकू गेलं. "नऊ पेट्या जास्त." मग म्हणाली, "दहा. तुऱ्याची एक वेगळी."

अति तिथं माती म्हणतात. इथे अति तिथं डेलिया झाला होता. मानेच्या टोकाशी एवढं वजन वाढल्यावर टेकडी कुठल्या कुठे खाली सरकली असणार, आणि मोटर बिचारी जुन्या जागी कान बंद करून, नव्या जागी सगळ्या उतावळेपणाने सावरत बसली होती.

"मग काढा दहा पेट्या," रिनुस म्हणाला.

"आधी माझी कातडी काढ," बेत्सी म्हणाली. ती हे खरंच म्हणत होती.

डिम्फनाला फुलं काढून चालणारच नव्हतं. काढली तर भोकं दिसतील आणि उरलेली किती ते कोणालाच कळणार नाही. मानेचा नवा ताल मोजायला हवा. पण मोजायचं म्हणजे हलवायचं, आणि हलवलं की फुलं पडणार. मग दहा पेट्यांचं वजन धरून तिने कागदावर चार आकडे मांडले. टेकडी साधारण कुठे असेल ते ठरवलं. आता सगळी वाट चालायला नको, फक्त तेवढ्या आसपास शोधायचं. आणि हलवायचं तेही दाराच्या फटीएवढंसुद्धा नाही, केसाएवढं.

"बेत्सी, तुझ्या सगळ्या बायकांना मानेखाली उभं कर," ती म्हणाली. "एप्रन पसरून."

आणि त्या उभ्या राहिल्या. वीसेक बायका, सणाचे केस केलेल्या, एप्रनची टोकं दोन्ही हातांत धरून, माना वर. डिम्फनाने मोटरला इतकी हलकी थरथर दिली की डोळ्यांना दिसेना. फुलांच्या पाकळ्या मात्र वाऱ्याने शहारल्यासारख्या झाल्या. बेत्सी डोळे मिटून पुटपुटत होती, वेड्यांना सांभाळणाऱ्या संत डिम्फनाचं नाव घेत होती की हिला शिव्या देत होती ते कळलं नाही. एक फूल पडलं, ते एप्रनमध्ये झेललं गेलं. मग दुसरं. तेवढीच.

पडद्यावर टेकडी दिसली. बरीच डावीकडे, खालच्या तालाला, आणि उन्हाळ्यातल्यापेक्षा उंच.

पुढचं काम तिच्या हातचं होतं. मोटरने कान बंद करायचे ते आता इथे. आणि उतावळ्या नवऱ्याच्या गुडघ्याचं बाशिंग सोडायचं, म्हणजे मोटरला सांगायचं, बाई, सावर, पण घाई करू नकोस. हातचं जरा जास्तच राखायचं. तिने सगळं बसवलं आणि बटण दाबलं.

मान खाली आली. आधीपेक्षा फारच सावकाश. थांबली आणि राहिली.

"एवढं हळू?" रिनुस म्हणाला. "परीक्षक म्हातारे होतील."

"बगळा तुझ्यासारखा नसतो, रिनुस. त्याला मासा मिळतो."

लोक हसले, पडलेली फुलं पुन्हा लागली, पाव पुन्हा फिरले. डिम्फना मात्र हसत नव्हती. ती बोटाने टेबलावर ताल देत होती, टेकडीचा ताल. टक, टक, टक, टक.

"रिनुस, चाल जरा."

"कुठे?"

"चाल रे नुसता. तंबूच्या टोकापर्यंत."

तो चालला. त्याच्या बुटांचा आवाज आणि तिच्या बोटाचा आवाज एकात एक बसला. रथाच्या पोटात साठ माणसं ढकलायला असतात, आणि रथामागे चालतो गावचा बँड. बँड वाजला की साठ माणसांची पावलं आपोआप एकत्र पडतात. तसं पडू नका म्हणून सांगून उपयोग नसतो, पाय ऐकत नाहीत. टक, टक. नेमका तोच ताल मानेत चढणार. आणि मोटर तर आता त्या तालाला कान बंद करून बसलेली. ते तिनेच सांगितलं होतं. बँडला गप्प बसवणं म्हणजे कोर्सोत भांडण. मोटरला आणखी काही सांगण्यासारखं उरलं नव्हतं. सांगायचं तर माणसांना.

आणि मग तिला तोनकाका दिसला. तो दोरी मांडीवर घेऊन उलट्या पेटीवर बसला होता.

तोनकाकाविषयी एक गोष्ट सांगायची राहिली. हा माणूस एके काळी चर्चच्या गायकवृंदात होता. पाद्रीबाबांनी त्याला अतिशय प्रेमाने, हातात हात घेऊन, घरी पाठवलं. त्याचा सूर ठीक होता. ताल मात्र असा, की आजूबाजूच्या चारजणांचा सुटलाच पाहिजे. त्याच्याशेजारी उभं राहून आजवर कोणाला ताल धरता आलेला नाही.

"काका," डिम्फना म्हणाली, "तुम्हाला आत जायचंय."

त्याचे डोळे चमकले. "दोरी?"

"दोरी नाही. तोंड."

तिने त्याला सगळं सांगितलं. तो ऐकत होता आणि त्याच्या मिशा हळूहळू वर जात होत्या.

"म्हणजे मी गायचं."

"जोरात."

"आणि कोणी मला थांबवायचं नाही."

"थांबवलं तर मला सांगा."

"पाद्रीबाबांनी हे ऐकायला हवं होतं," तोनकाका म्हणाला आणि दोरी खिळ्याला अडकवून उठला.

दुपारी कोर्सो निघाला. ऊन स्वच्छ होतं. डिम्फना रथाच्या बाजूने चालत होती, हातात संगणकाचा पडदा, डोळे त्याच्यावर. सायकलच्या दुकानापर्यंत सगळं शांत होतं. मग चर्चकडचं वळण आलं आणि मागे बँडने जोरकस मार्च धरला. पडद्यावरची रेघ लगेच चाळवली. वर बघितलं तर चोच अगदी थोडी, पण ठेक्यात, डावी-उजवी होत होती. साठ जोडी बूट एकदम पडत होते.

तेवढ्यात बगळ्याच्या पोटातून आवाज आला.

ते गाणं होतं एका शेतकऱ्याचं, ज्याचं डुक्कर त्याच्या सासूच्या पलंगात जाऊन झोपतं. कडवी पुष्कळ आहेत आणि त्यांतलं एकही चर्चसमोर म्हणण्यासारखं नाही. तोनकाका ते मोठ्याने, मनापासून आणि कुठल्याही ठेक्याला न जुमानता गात होता. एखादा शब्द लांबवी, पुढचे तीन गिळून टाकी, मध्येच श्वास घ्यायला थांबे आणि सगळे पाऊल उचलून वाट बघत राहात. आतून एकजण हसला, मग दहाजण, मग सगळेच. साठ माणसांचे पाय साठ दिशांना पडू लागले. रथ जरा रखडला, कोणीतरी कोणाच्या टाचेवर पाय दिला, शिव्या आल्या. चोच दोनदा हलली, एकदा हलली आणि थांबली.

रथ चर्चसमोर उभा राहिला. डिम्फनाने बटण दाबलं.

मान खाली यायला लागली. इतकी सावकाश की आधी लोकांना कळलंच नाही. मग एकेक करून बोलणं थांबत गेलं. पांढरी, राखी, लांबलचक मान परीक्षकांच्या मंचापुढे उतरली आणि चोच मंचावरच्या बाईंच्या टोपीपासून हातभर अंतरावर येऊन थबकली. बँडवाल्यांनाही काय वाटलं कोण जाणे, त्यांचं वाजवणं आपोआप विरलं. दहा पेट्या जास्त फुलं अंगावर घेऊन बगळा उभा होता आणि त्याची एक पाकळी हलत नव्हती. सगळा चौक मासा होऊन त्याच्याकडे बघत होता.

डिम्फनाला रडू फुटलं. तिने पडदा काखेत धरला आणि बाहीने तोंड पुसलं, तरी ते थांबेना. तिचे वडील याच चौकात फुलांची गाडी लावत असत.

पहिला नंबर मोलेनद्रेफच्या हंसाला मिळाला. आमचा पाचवा आला, आणि त्याआधी कित्येक वर्षं आम्ही खालून मोजत असल्यामुळे लारहुकने तो पहिल्यासारखा साजरा केला. तोनकाकाने सगळी कडवी पुन्हा म्हटली. "मोटर काय कोणीही लावील," तो प्रत्येकाला धरून सांगत होता. "असं गाणं लावून दाखवा."

सोमवारी आवराआवरीला सगळे तंबूत जमले. फुलं मलूल झाली होती, बगळा दाढी वाढल्यासारखा दिसत होता. बेत्सी आली ती एक नवा कप घेऊन. कपावर डिम्फनाचं नाव, आणि शेजारी एका पायावर उभा असलेला बगळा, खरं म्हणजे तो बदकासारखाच जास्त दिसत होता. तिने फळीकडे बघितलं. सगळे खिळे भरलेले. एकावर दोरी होती.

तोनकाका उठला, डाव्या हाताने दोरी उतरवली, तिचं काय करावं असा क्षणभर विचार केला आणि ती आपल्या पेटीवर गुंडाळून ठेवून तिच्यावर बसला.

"पार्श्वभागाला मऊ आहे," तो म्हणाला.

बेत्सीने नव्या कपात काठोकाठ कॉफी ओतली आणि डिम्फनापुढे ठेवली. मग उगाच टेबल पुसायला लागली. पुसलेलंच पुन्हा पुसलं. आणि मान वर न करता म्हणाली, "फुलं जरा जास्तच झाली होती."

तंबूतले सगळे हात थांबले. रिनुसने तोंडापर्यंत नेलेला पाव खाली घेतला. डिम्फनाने कपाला टिचकी मारली आणि मान तिरकी केली.

"कसा वाजतो?" बेत्सीने विचारलं.

"छान वाजतो," डिम्फना म्हणाली. "भरलेला आहे ना, म्हणून जरा खालच्या सुरात."